दोन नंबरची कानस

९ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ

दीप्तीचा साखरपुडा छान पार पडला. मुलगा वेदांग, नागपूरचा, दीप्तीसारखाच पुण्यात कॉम्प्युटरवाला. व्याही भय्यासाहेब मोकळे गृहस्थ, श्रीखंड मागून घेतात.

जेवणं झाल्यावर जोडव्यांचा विषय निघाला. आमच्याकडे जोडवी मामाची. म्हणजे ज्योतीचा भाऊ बंडू आणणार, हे दीप्तीच्या जन्मापासून ठरलेलं. बंडू तसं मोठ्या आवाजात सांगतच होता, तेवढ्यात मी शांतपणे जाहीर केलं की दीप्तीची जोडवी मी स्वतःच्या हातांनी घडवणार आहे. भय्यासाहेब म्हणाले, वा! ज्योतीने माझ्याकडे पाहिलं. नजर कौतुकाची असावी. बंडू म्हणाला, भाऊजी, तुम्ही? काहून?

काहून ते इथे लिहायला हरकत नाही. ही वही कोणी वाचत नाही. या लग्नात मला काहीही काम नाही. हॉल दीप्तीने पुण्यात बसून फोनवर ठरवला. केटरर तिनेच. पत्रिका छापायचीच नाही, मोबाईलवर जाते म्हणे. मी विचारलं, माझ्याकडे काय? तर म्हणाली, बाबा, आप बस टेन्शन मत लो. फॅक्टरीच्या एस्टॅब्लिशमेंट सेक्शनमध्ये उभी हयात टेन्शन घेण्यात गेली. ते असं एकाएकी कसं सोडणार? एकुलती एक मुलगी घरातून जाणार, तर काहीतरी माझ्या हातचं सोबत जावं. एवढंच.

लग्न फेब्रुवारीत. वेळ भरपूर आहे.

१० नोव्हेंबर

अभ्यास सुरू, मोबाईलवर व्हिडिओ पाहून. काम मुळात सोपं आहे. चांदीची तार घ्यायची, वळवायची, जोडायची, घासायची. झालं जोडवं. यातलं घासणं सगळ्यात महत्त्वाचं, दागिन्याचं रूप त्यावर. घासायला कानस लागते, इंग्रजीत फाईल.

फॅक्टरीतल्या माणसाला कानस म्हणजे काय हे सांगायला नको. (प्रत्यक्ष हातात धरायचा योग आला नाही. आमच्या सेक्शनच्या फायली वेगळ्या.)

निश्चय: आधी कानस, मग चांदी. योग्य कानस मिळेपर्यंत चांदीला हात लावायचा नाही.

११ नोव्हेंबर

कानशीच्या दातांना नंबर असतात, शून्यापासून वर. व्हिडिओतली बाई इंग्रजीत भराभर बोलते, पण एवढं कळलं की नवशिक्याने अर्धगोल घ्यावी, दोन नंबरची.

अर्धगोल मान्य. एक बाजू सपाट, एक फुगीर, दोन्हीकडून उपयोगी. पण दोन नंबरची? माझ्या घरात? आयुष्यात दोन नंबरचा पैसा घेतला नाही, दोन नंबरचं काम केलं नाही. सेक्शनमध्ये लोक त्यावरून हसायचे, हसू दिलं. आता मुलीच्या लग्नाच्या दागिन्याला दोन नंबरची कानस लावू? किमान एक नंबर. आणि शून्य मिळाली तर सोन्याहून पिवळं. शून्य म्हणजे शून्य दोष. आमच्या फॅक्टरीच्या भिंतीवर तसा बोर्डच होता.

ज्योतीला समजावलं. ती म्हणाली, नंबर उलटा पण असू शकते, चष्म्यासारखा. ज्योतीने जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. तिला टेक्निकल बाजू कळणं कठीण.

१४ नोव्हेंबर

मोठा शोध. कानशीला इथल्या बाजारात रेती म्हणतात. बंडूने सांगितलं. ओमती बाजारातल्या एका दुकानाचा नंबरही दिला, म्हणाला तिथे खिळ्यापासून सळईपर्यंत सगळं मिळते.

फोन केला. भैया, रेती चाहिए. त्याने विचारलं, कौन सी? म्हटलं, बारीक, और एकदम एक नंबर. विचारलं, कितनी? म्हटलं, अभी तो शुरुआत है, छोटी से काम चल जाएगा. पत्ता घेतला. सकाळी पोचवतो म्हणाला.

घरपोच कानस! लोक उगीच दुकानदारांना नावं ठेवतात.

१५ नोव्हेंबर. सकाळ

छोटी गाडी आली. फाटकासमोर रेती टाकून गेली. नर्मदेची, बारीक. खरोखर एक नंबर.

१५ नोव्हेंबर. दुपार

स्कूटर बाहेर काढता येत नाही. दुकानात फोन केला. तो म्हणाला, बाबूजी, घिसने वाली चाहिए थी तो घिसने वाली बोलते. त्याचंही चुकलं नाही, माझंही चुकलं नाही. भाषेचा दोष आहे.

ज्योती हसली असती तर बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, आता जोडवी रेतीची करून राहिले का? समोरच्या भानुमतीताई फाटकाशी येऊन म्हणाल्या, वरचा मजला काढून राहिले वाटते, लग्नासाठी? मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होतो?

२२ नोव्हेंबर

स्वतः ओमतीला गेलो. स्कूटरने नाही, ऑटोने. (रेती तशीच.)

दुकानात गर्दी होती. त्याने विचारलं, किस काम के लिए? एवढ्या दणकट लोकांसमोर बिछिया, म्हणजे जोडवी, हा शब्द तोंडातून निघेना. म्हटलं, लोहे का काम है. त्याने हातभर लांब कानस काढून दिली. घेतली. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

घरी येऊन चष्मा लावून पाहतो तर तिच्यावर इंग्रजीत शिवी कोरलेली! बापाचा पत्ता नसलेल्याला देतात ती. ठळक अक्षरांत. आधी वाटलं कुणी चेष्टा केली. मोबाईलवर पाहिलं तर जाडसर दातांच्या कानशीचं ते अधिकृत नाव निघालं. जगभर चालतं म्हणे. चालू दे. जी जोडवी बाप स्वतः घडवतोय, त्यांना ही कानस लावायची? कागदात गुंडाळून माळ्यावर टाकली.

२९ नोव्हेंबर

भय्यासाहेबांचा फोन. भानुमतीताईंची बातमी नागपूरला पोचलेली. वरचा मजला कुठवर आला विचारत होते. स्लॅब बाकी आहे म्हटलं.

७ डिसेंबर, रविवार

ज्योतीला घेऊन भेडाघाटला गेलो. फिरायला नव्हे, अभ्यासाला. संगमरवर कोरणारी मंडळी कानशीने कशी घासतात ते पाहायचं होतं. सगळीकडे मशिनी. घर्रर्र आणि पांढरी धूळ. कानस कुठे दिसली नाही. एकाला विचारलं तर तो म्हणाला, अंकल, हाथी ले लो. हत्ती घेतला.

ज्योतीचा दिवस छान गेला. धुवांधार धबधब्याच्या कठड्याशी उभी राहून म्हणाली, दीप्ती गेल्यावर आपण असं अधूनमधून येत जाऊ. मी हत्तीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. पाण्याचा आवाज होताच.

१९ डिसेंबर

आली! ऑनलाइन मागवलेली कानस. अर्धगोल, वीतभर, परदेशी बनावट, बुडाशी स्वच्छ ० कोरलेला. किती वेळ नुसता तो शून्य पाहत बसलो.

दात चांगले मोठे आहेत, नारळाच्या खवणीसारखे. म्हणजे टिकाऊ. ज्योतीने अंगठा फिरवून पाहिला आणि हलव्याला गाजरं किसता येतील म्हणाली. मूठ मात्र आली नाही, ती वेगळी घ्यावी लागते. काही अडत नाही. उद्यापासून सराव.

२० डिसेंबर

सराव बंद. मूठ नसलेल्या कानशीचं मागचं टोक अणकुचीदार असतं. जोर लावला तर ते तळहातात गेलं. टाका पडला नाही, पट्टी बांधली. डॉक्टरांनी विचारलं, कशाने लागलं? फाईलने, म्हटलं. ते म्हणाले, तुम्ही तर रिटायर झालात ना?

४ जानेवारी, रविवार

हात बरा. मूठ बसवली (बंडूने आणून दिली). स्टीलच्या चमच्याच्या दांडीवर सराव केला. पुढेमागे, पुढेमागे, घाम येईपर्यंत. ज्योती म्हणाली, व्हिडिओतली बाई तर एकाच दिशेने घासते, तुम्ही काहून भांडी घासल्यासारखं करून राहिले? म्हटलं, दोन्ही दिशांनी केलं तर निम्म्या वेळात होतं. चमचा आता जेवायला चालत नाही. पण चमच्याला इतकं हाताने घासलेलं मी तरी पाहिलं नाही.

बंडू बसला होता. बराच वेळ पाहून म्हणाला, भाऊजी, मी जोडवी आणून ठेवू का? नुसती. राहतील घरात. मी नको म्हटलं, थोडं तोडूनच. त्याचा चेहरा पडला. चहा अर्धा ठेवून गेला. दीप्ती लहान असताना तिला खांद्यावर बसवून ग्वारीघाटाला न्यायचा तो. वाईट वाटलं. पण बंडूला भाच्या आणखी आहेत. मला मुलगी एकच.

१८ जानेवारी

कानस सिद्ध, आता चांदी. सराफ्यातून तार आणली. पेन्सिलीभोवती वळवली. पक्कडीचे वळ उठले. सरळ केली, पुन्हा वळवली. तुटली. जोडायला गॅसवर धरली. जोड बसला नाही, टेबलक्लॉथ जळाला.

ज्योतीने खिडक्या उघडल्या आणि एवढंच म्हणाली, पोरीचं लग्न आहे, घर राहू द्या.

२५ जानेवारी

शांतपणे विचार केला. मोठ्या कामात वाटणी असतेच. आमच्या फॅक्टरीत रायफल काय एक माणूस बनवतो? वळवणं आणि जोडणं ही नुसती हमाली. खरी कला घासण्यात, हे मी पहिल्याच दिवशी लिहिलंय. तेव्हा हमाली बाहेर द्यावी आणि घासणं तेवढं आपण करावं. जोडवी माझ्या हातचीच होतील.

बडा फुहाऱ्याजवळच्या एका सराफाकडे तार दिली. सांगून आलो, घासायचं नाही, पॉलिश तर अजिबात नाही. तसंच खडबडीत परत द्यायचं. त्याने विचारलं, पहनने के लिए ही है ना?

३ फेब्रुवारी

जोडवी आणली. सराफाने ऐकलं नाही. घासून, पॉलिश करून, गुलाबी कागदात घालून दिली. म्हणाला, बाबूजी, बिटिया की शादी है, ऐसे कैसे दे देता? लखलखीत. कुठे काठ नाही, रेघ नाही.

घरी आल्यापासून समोर ठेवून बसलोय. आता मी काय घासू?

कुणाला सांगताही येत नाही. इतक्या दिवसांची कानस, आणि घासायला काही उरलं नाही. हॉलमध्ये काम नाही, जेवणात काम नाही, आता जोडव्यांतही नाही. आज फार एकटं वाटलं. ज्योतीला हाक मारली, ती मेंदीवालीशी फोनवर बोलत होती.

१० फेब्रुवारी

मार्ग निघाला. बाहेरून हात लावायचा नाही, पॉलिश शाबूत राहू दे. घासायचं आतून! कोणाला दिसत नाही, म्हणजे तिथेच माणसाची निष्ठा कळते. कानशीची फुगीर बाजू आत बरोबर बसते. अर्धगोल घेतली ती काय उगीच?

दुपारभर बसलो. दोन्ही जोडव्यांना आतून छान रेघा आल्या. काठाला थोडी कुसळं आलीत चांदीची, ती वापरून जातील. चांदीची पूड वर्तमानपत्रावर पडली तेव्हा डोळे भरून आले. आता कोणी विचारलं तर छाती ठोकून सांगीन, घडवली.

१५ फेब्रुवारी

दीप्ती आली. घरात माणसंच माणसं. रेती बंडूने उचलून नेली, त्याच्याकडे ओटा बांधताहेत. फाटक मोकळं झालं. भय्यासाहेबांना वरच्या मजल्याचं काय सांगायचं ते ठरवायचं आहे.

दीप्तीला जोडवी दाखवली. बाबा, सच्ची तुम्ही बनवली? मी हो म्हटलं. तिने हातात घेतली, आतून बोट फिरवलं आणि थांबली. काहीतरी म्हणणार होती. मग माझा तळहात उलटा करून तिथला वण पाहिला आणि म्हणाली, मस्त झालीत, हीच घालीन.

हीच घालीन! बंडू शेजारीच होता. त्यानेही ऐकलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

काल लग्न लागलं. काय लिहू, मन भरून आलंय.

जोडवी घातली बंडूनेच, तो मान मामाचाच, मी आड आलो नाही. त्याला घालायला जरा वेळ लागला. खाली मान घालून तो दीप्तीला हळूच काहीतरी विचारत होता, ती नाही-नाही करत होती. मी अगदी समोर खुर्ची टाकून बसलो होतो. शेवटपर्यंत हललो नाही. नजर पायांवरून हलवली नाही. फोटोवाला दोनदा ओरडला, अंकल, साइड में. नाही झालो.

सप्तपदीत तर पाहत राहावं. हल्लीच्या मुली काय भरभर उरकतात. आमची दीप्ती एकेक पाऊल जपून, थांबून, ओठ दाबून टाकत होती. भय्यासाहेब म्हणाले, संस्कार आहेत हो. मी म्हटलं, घरचेच.

आणि पाठवणी. ज्योतीला भेटली, बंडूला भेटली, तोवर ठीक होती. माझ्या गळ्यात पडली आणि जी रडली! सगळा भार माझ्यावर टाकला. पाय उचलेना. वेदांगने धरून गाडीपर्यंत नेली. नागपूरची मंडळी बघत राहिली. मुली आईसाठी रडतात असं म्हणतात. माझी माझ्यासाठी रडली. आता मला काही नको.

पुढच्या महिन्यात ज्योतीसाठी बांगड्या कराव्यात म्हणतो.

२४ फेब्रुवारी

आज नागपूरला फोन लावला. वेदांगने उचलला. म्हणाला, बाबा, दीप्ती दवाखान्यातून आताच आली, देतो.

दीप्ती म्हणाली, काही नाही, पायाचं बोट थोडं पिकलं, इंजेक्शन घेतलं, आईला नका सांगू. मी विचारलं, बोट कशाने? ती म्हणाली, जोडवी वाटेतच, बरगी गावाच्या आधीच काढली, बाबा. निघतच नव्हती. वेदांगने ढाब्यावर साबण लावून काढली.

मी विचारलं, मग माझ्या गळ्यात पडून रडलीस ती? म्हणाली, बाबा, उभंच राहता येत नव्हतं हो. घातल्यापासून आतून चिरून राहिलं होतं. मामा म्हणत होता काढू का म्हणून.

मग काढली काहून नाहीस, मी ओरडलोच.

म्हणाली, तुम्ही समोरच बसले होते ना. पूर्ण वेळ पायाकडेच पाहून राहिले होते. कशी काढू?

ती हॅलो हॅलो करत राहिली. मी आहे म्हटलं. फार लाज वाटली. तिकडून तीच मला समजावत होती, अरे बाबा, हो जाता है, दोन दिवसांत बरं होईल.

ठेवताना म्हणाली, एक प्रॉमिस करा. पुढे कधी बाळ झालं तर वाळे बंडूमामा आणेल.

मी बरं म्हटलं.